ग्रीक शोकात्मिका आणि आपले झीलकरी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची समजूत अशी होती, की आम्ही कामगार कायद्यांवर बोलू. किमान वेतन, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी हे आमचे रोजचे विषय. आम्ही ‘ग्रीक शोकात्मिका आणि तिच्यापासून निघालेले संगीत व नृत्य’ असे सांगताच ते एकमेकांकडे पाहू लागले. एकाने हलकेच विचारले, “साहेब, ह्यात युनियनचे काय आले?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत.

आरंभीच आमच्या अधिकाराविषयी सांगून टाकलेले बरे. आम्ही शाळेत नववीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, वाचनालयात आणि लोकलच्या डब्यात झाले. ग्रीक भाषा आम्हांला येत नाही. पु. ल. देशपांडे ह्यांनी सोफोक्लीझच्या नाटकाचे ‘राजा ओयदिपौस’ हे मराठी रूप केले आहे. ते हाती पडले आणि तेथून ही ओढ लागली. पुढे जी नाटके मिळतील ती भाषांतरांतून वाचीत गेलो, तीही पाळी संपल्यावर. तेव्हा पंडितांनी आमच्या चुका पोटात घालाव्यात.

ओढ लागण्याचे खरे कारण मात्र पुस्तकात नव्हते. कुर्ल्याहून घाटकोपर, भांडुपवरून मुलुंडकडे येणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना एके काळी कारखानेच कारखाने होते. सुमारे २५ वर्षांपूर्वी त्यांतल्या एका कारखान्यात अपघात होऊन आमचा एक सोबती गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर शोकसभा झाली. बोलायला आम्ही उभे राहिलो. सुरक्षेचे नियम, नुकसानभरपाईची रक्कम, व्यवस्थापनाची जबाबदारी, सारे मुद्देसूद सांगितले. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. पण समोरची माणसे दगडासारखी उभी होती. आम्ही खाली बसलो. तेवढ्यात मागून एक निवृत्त कामगार पुढे आले. तरुणपणी, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत, ते शाहिरांच्या मागे उभे राहून झील धरीत. डफ नव्हता. त्यांनी तेलाच्या रिकाम्या पिंपावर थाप मारली आणि गेलेल्याचे नाव, गाव, त्याच्या लेकरांची नावे अशी एकेक ओळ जागच्या जागी रचून म्हणू लागले. ओळीचा शेवट तिघाचौघांनी उचलला. मग साऱ्या गेटने उचलला. तेव्हा कुठे माणसे रडली. आणि रडून झाल्यावर, आता पुढे काय करायचे ह्याविषयी शांतपणे बोलू लागली.

आम्ही त्या दिवशी मनाशी खजील झालो. एकाने म्हणावे आणि अनेकांनी उचलून धरावे, एवढ्याशा गोष्टीत असे काय आहे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला. त्याचा माग काढीत गेलो तो थेट अडीच हजार वर्षांमागच्या अथेन्स नगरीत जाऊन पोहोचलो.

आपल्या व्याख्यानमाला वसंतात भरतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही चाल पाडली. अथेन्सचा नाट्योत्सवही वसंतारंभीच भरे. डायोनायसस नावाच्या देवाचा तो उत्सव. ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, उघड्या आभाळाखाली, नगरातले हजारो लोक बसत. इसवी सनापूर्वीचे पाचवे शतक हा ह्या नाटकांचा बहराचा काळ. एस्किलस, सोफोक्लीझ आणि युरिपिडीज हे त्या काळचे तीन थोर नाटककार. नाटके शेकडोंनी लिहिली गेली. पैकी ह्या तिघांची मिळून सुमारे ३२ आज संपूर्ण उपलब्ध आहेत. त्यांना आपण शोकांतिका म्हणतो. परंतु त्यांतील काहींचा शेवट समेटात होतो. म्हणून ‘शोकात्मिका’ हा शब्द आम्हांला अधिक पटतो.

आपण नाटक म्हटले की संवाद आठवतो. ह्या नाटकांत संवाद होता. पण त्याच्या आधीपासून होता तो कोरस, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा वृंद. पात्रे करणारे नट पुढे तीनपर्यंत वाढले. वृंद आरंभी बारा जणांचा होता, सोफोक्लीझने तो पंधरांचा केला. ह्या वृंदाच्या मोकळ्या वर्तुळाकार जागेला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत. ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘नाचण्याची जागा’. आज लग्नाच्या वरातीपुढे वाजणाऱ्या मंडळींनाही आपण ऑर्केस्ट्रा म्हणतो. ती जागा मुळात पायांची होती, वाद्यांची नव्हे. वाद्य एकच असे, औलोस. आपल्या सनईच्या जातीचे, एका वेळी दोन नळ्या तोंडात धरून वाजवायचे.

ह्या वृंदात कोण असत? धंदेवाईक गवई नव्हेत. साधे नागरिक असत, शेतकरी, कारागीर, गलबतावरचे वल्हेकरी. त्यांची महिनोन्महिने तालीम होई. तालमीच्या काळात त्यांना लष्करी चाकरीतून सूट असे. तालमीचा, पोशाखाचा, शिक्षकाचा खर्च नगर एखाद्या धनिकावर सोपवी. ह्या धनिकाला ‘कोरेगॉस’ म्हणत. हा खर्च म्हणजे देणगी नव्हती. ते कर्तव्य होते, करासारखे. त्याच उत्सवात आणखी एक स्पर्धा असे. नगराच्या दहा गटांतून प्रत्येकी पन्नास पुरुषांचा आणि पन्नास मुलांचा असे वृंद येत. म्हणजे दरसाल एक हजार माणसे नगरापुढे गाऊन-नाचून जात. प्रेक्षकांत बसलेल्या माणसाने स्वतः कधीतरी वृंदात पाय धरलेला असण्याचा पुष्कळ संभव. आपल्याकडे लेझीम खेळलेला माणूस लेझीम पाहतो, तसे त्याचे पाहणे असणार.

आता ह्या वृंदाने कोणाचे सोंग घ्यायचे, ते पाहण्याजोगे आहे. सालामिसच्या समुद्रावर इ. स. पू. ४८० मध्ये अथेन्सने इराणी आरमार बुडविले. आठच वर्षांनी एस्किलसने ‘पर्शियन्स’ हे नाटक केले. त्यात जिंकलेल्या अथेन्सच्या नागरिकांनी हरलेल्या इराणच्या म्हाताऱ्यांची सोंगे घेतली आणि शत्रूच्या मेलेल्या पोरांसाठी विलाप केला. इ. स. पू. ४५८ मधील त्याच्याच एका नाटकात वृंद लढाईत पकडून आणलेल्या दासींचा आहे. ज्या नगरात दासांना मत नव्हते आणि स्त्रियांना रंगमंच नव्हता, तेथे मतदार पुरुषांनी दासी होऊन गायचे! अन्याय त्याने मिटला नाही, हे खरे. पण दुसऱ्याचे दुःख महिनोन्महिने स्वतःच्या गळ्यातून आणि पायांतून घोटून घेणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

सत्तेला ह्या रडण्याची धास्तीही वाटे. फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने मिलेटस ह्या अथेन्सच्या मित्रनगराच्या पाडावावर नाटक केले. मिलेटस इराण्यांनी नुकतेच, इ. स. पू. ४९४ मध्ये, उद्ध्वस्त केले होते. हिरोडोटस लिहितो, की सारा प्रेक्षकवर्ग रडू लागला. आणि घरच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून नगराने फ्रिनिकसला एक हजार द्राख्मांचा दंड ठोठावला. ते नाटक पुन्हा कोणी करू नये असाही हुकूम झाला. लोकांनी एकत्र येऊन कशासाठी रडावे हे ठरविण्याचा हक्क कोणाचा, हा वाद इतका जुना आहे.

पुढे शंभर वर्षांच्या आतच वृंदाचे महत्त्व घटले. युरिपिडीजच्या उत्तरकाळातच एकट्या नटाने गायची कसबी गाणी वाढली. ॲरिस्टॉटलची तक्रार आहे, की वृंदाची गाणी कथानकाशी संबंध नसलेली, कोणत्याही नाटकात घालावीत अशी झाली. आणि काळाने आणखी एक घाला घातला. शब्द उरले, चाली गेल्या, पावले गेली. युरिपिडीजच्या ‘ओरेस्टीस’मधील काही ओळी स्वरचिन्हांसह एका फाटक्या पपायरसवर सापडल्या आहेत, तशा आणखी थोड्या चिंध्या आहेत. बाकी सारे मौन.

आता ज्याच्या चालीच हरवल्या, त्याचा नंतरच्या संगीतावर प्रभाव कसा पडावा? गंमत येथेच आहे. पुढच्या लोकांपुढे नक्कल करायला नमुना नव्हता. त्यांना कल्पना करावी लागली, आणि त्या कल्पनेतून नवीच कला जन्माला आली.

चर्नी रोड स्थानकातून बाहेर पडले की ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव कानी येते. बोरिवली-अंधेरीकडच्या मंडळींना तो हिऱ्याच्या व्यापाऱ्यांचा भाग म्हणून ठाऊक असतो. तेथील रॉयल ऑपेरा हाऊस ह्या वास्तूचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्ज ह्यांच्या हस्ते झाले. पुढे तेथे मराठी संगीत नाटके झाली, बोलपट लागले, १९९३ मध्ये दारे बंद झाली आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडली. पण ऑपेरा म्हणजे काय? इटलीतील फ्लॉरेन्स शहरात सोळाव्या शतकाच्या अखेरीस जोव्हान्नी बार्दी ह्या सरदाराच्या घरी काही विद्वान आणि गवई जमत. त्यांत व्हिन्चेन्झो गॅलिली होता. दुर्बीण आकाशाकडे वळविणाऱ्या गॅलिलिओचा हा बाप. जिरोलामो मेई नावाच्या पंडिताने त्यांना पटवून दिले, की ग्रीक शोकात्मिका आरंभापासून अखेरपर्यंत गायिली जात असे. हे मत पुढे पूर्णपणे टिकले नाही. संवादाचा बराच भाग बोलला जाई असे आज मानतात. पण त्या चुकीने मोठे काम केले. शब्द स्पष्ट ऐकू येतील अशा रीतीने सबंध नाटक गावे, असा घाट त्यांनी घातला. याकोपो पेरीची ‘दाफ्ने’ १५९८ च्या सुमारास झाली. ‘युरिडीची’ १६०० साली. आणि १६०७ मध्ये माँतेव्हेर्दीची ‘ऑर्फेओ’ मान्टुआत झाली. हाच ऑपेरा. गिरगावच्या वेशीवरची ती वास्तू नात्याने अथेन्सच्या त्या उतारावरच्या नाट्यगृहाची नात लागते.

ह्या पहिल्या ऑपेरांत वृंद होता. पुढे १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट लावून ऑपेरागृह उघडले. लोक पैसे मोजू लागले ते आवडत्या गायकाच्या एकट्याच्या गाण्यासाठी. पंधरा-वीस जणांचा वृंद पोसणे मालकाला परवडेना. मोठा गायक पुढे आला आणि वृंद मागे सरकत सरकत पडद्याआड गेला.

ही कथा वाचताना आम्हांला सारखी आपल्या रंगभूमीची आठवण होत होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. दहा वर्षांनी त्यांची मंडळी मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात आली. त्या नाटकांत पदे पात्रे म्हणत नसत. सूत्रधार आणि त्याच्या मागे उभे असलेले साथीदार सारी पदे गात. पात्रे त्या अनुषंगाने हावभाव करीत आणि आयत्या वेळी भाषणे रचीत. म्हणजे नाटकाचा गळा मागच्या मंडळींपाशी होता. मग ३१ ऑक्टोबर १८८० ह्या दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ झाले. शकुंतला आपले पद आपण गाऊ लागली, दुष्यंत आपले पद आपण. सूत्रधार नांदी-प्रवेशानंतर निघून गेला, आणि त्याच्यामागचे साथीदारही. पारशी मंडळींचा संगीतप्रयोग पाहून किर्लोस्करांना ही स्फूर्ती झाली असे नाट्येतिहासकार सांगतात. आणि पारशी मंडळ्या आपल्या संगीत नाटकांच्या जाहिरातीत ‘ऑपेरा’ हा शब्द वापरीत. धागा बारीक आहे, पण अथेन्सहून फ्लॉरेन्सला आणि तेथून मुंबई-पुण्याला आलेला आहे.

ह्यातून जे लाभले ते अमोल आहे. १९१६ मधील ‘संगीत स्वयंवर’, भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा, ह्यांना उणे म्हणण्याची आमची प्राज्ञा नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतील गिरणीकामगारही ती पदे गुणगुणत असत. पण एका पदाला पाच-पाच वेळा ‘वन्स मोअर’ मिळू लागला की नाटक थांबते आणि गायक उरतो. व्हेनिसला घडले तेच येथे घडले. दोष कोणा एकाचा नव्हे. तिकीट एकाच्या नावावर खपते.

तिकडे मात्र दर शंभरएक वर्षांनी कोणीतरी उठे आणि म्हणे, की काहीतरी हरवले आहे. पुन्हा ग्रीकांकडे चला. ग्लुकने १७६२ मध्ये ‘ऑर्फेओ’ आणि १७६७ मध्ये युरिपिडीजच्या कथेवर ‘अल्चेस्ते’ रचले, त्यात गायकांच्या ताना छाटल्या आणि शोक करणारा वृंद पुन्हा पुढे आणला. वाग्नर १८४९ च्या ड्रेस्डेनच्या उठावात सामील झाला आणि परागंदा झाला. त्याच साली त्याने लिहिले, की अथेन्सची कला साऱ्या नगराची होती आणि आजची धंद्याची बटीक आहे. हे वाचून आम्हांला तो आपला माणूस वाटला; पण पुढे पाहतो तो, यहुदी लोकांविषयी त्याने विषारी लेखन केले आणि राजाच्या तिजोरीवर आपले नाट्यगृह उभारले. १८७६ मध्ये बायरॉइट येथे ते उघडले. वृंदाचे काम आता वाद्यमेळ करील, असे त्याने ठरविले होते. आणि तो वाद्यमेळ त्याने रंगमंचाखाली, कोणाला दिसणार नाही अशा खड्ड्यात बसविला. माणसांच्या जागी वाद्ये आली. ऑर्केस्ट्रा हा शब्द नाचणाऱ्यांच्या अंगणातून निघून अंधाऱ्या खड्ड्यात गेला तो असा.

नृत्याची गोष्ट निराळी आहे. १९०३ साली इसाडोरा डंकन ही अमेरिकन नर्तकी अथेन्सला गेली. तिने तेथील दहा मुलगे निवडून एस्किलसच्या नाटकातील वृंदगीते त्यांच्याकडून बसवून घेतली आणि त्यांना घेऊन युरोपात प्रयोग केले. घट्ट चोळी आणि बॅलेची जोडी टाकून अनवाणी, सैल वस्त्रांत ती नाचे. रंगमंचावर एकटी असली तरी आपण एकटीने नाचत नाही, आपण कोरस आहोत, असे तिचे म्हणणे असे. तिच्यानंतर मार्था ग्रॅहम आली. १९४७ मध्ये तिने ‘नाइट जर्नी’ ह्या नृत्यात ओयदिपौसची कथा त्याच्या आईच्या, योकास्ताच्या बाजूने सांगितली. मूळ नाटकातला म्हाताऱ्यांचा वृंद तिने स्त्रियांचा केला. त्या एक शब्द बोलत नाहीत. पोट आत ओढून, कंबरेत वाकून, हात डोळ्यांवर नेऊन त्या येणाऱ्या संकटाची सूचना देत राहतात. आमच्या कामातल्या माणसाला हे चटकन कळते. वाईट बातमी प्रथम पोटात कळते, मग कानाला.

आणि खुद्द ग्रीसमध्ये मिकिस थिओडोराकिस झाला. देशातील यादवीत त्याने हद्दपारी आणि छळ सोसला; जुन्या शोकात्मिकांवरील प्रयोगांना आणि चित्रपटांना संगीत दिले; लोकांच्या खानावळीतील वाद्ये आणि वृंदगान ह्यांची सांगड घातली. १९६७ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा त्याची गाणी वाजविण्यावर बंदी आली. फ्रिनिकसचा दंड काही संपला नव्हता.

मुंबईत ग्रीक नाटके आली ती बहुतांशी इंग्रजीतून. इब्राहिम अल्काझी १९६२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात जाण्यापूर्वी येथे ती सादर करीत. प्रेक्षक अर्थातच मोजके, दक्षिण मुंबईतले. परंतु वृंद मराठी रंगभूमीवर परतला तो दुसऱ्याच वाटेने. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ झाले. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्ये कृष्णदेव मुळगुंद. रंगमंचावर माणसांची एक रांग, तीच भिंत, तीच दार, तीच बाग, तीच गर्दी. ती गाते, डुलते, भजन म्हणता म्हणता दुष्कृत्यावर पाठ फिरविते. घाशीराम आणि नाना ह्यांच्याइतकीच ती रांगही गुन्हेगार आहे, हे प्रेक्षकाला कळते. ग्रीक वृंद पुष्कळदा असाच असतो. सारे पाहतो, सारे जाणतो आणि हात बांधून उभा राहतो. पण तेंडुलकरांनी ही रांग अथेन्सहून आणलेली नाही. कोकणातल्या खेळ्यांत गाणाऱ्यांची अशी रांग उभी असते, आणि तेथेच तिचे मूळ आहे. गिरणगावात व उपनगरांत राहणारी रत्नागिरीकडची मंडळी नमन-खेळे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. म्हणजे संगीत नाटकाने ज्याला निरोप दिला, त्याला चाळकऱ्यांनी घरी ठेवून घेतले होते. ह्या नाटकावरही वादळ झाले. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले, आणि कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी काढून पुन्हा उभे केले.

आता झीलकऱ्याकडे वळतो. आमचे झीलकरी ग्रीकांकडून आले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. मात्र काम एकच आहे. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी तिचे शेपूट धरून ‘जी जी रं जी’ म्हणत वर चढवितात. तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो, हे झाले उघड काम. दुसरे काम असे, की जे एकाने सांगितले त्याला चारजणांनी सर्वांसमक्ष साक्ष दिली. साक्ष मिळाली की ऐकणाऱ्याला वाटते, हे मीही म्हणू शकतो. आमच्या गेटवर त्या सकाळी झाले ते हेच. आमचे भाषण एकट्याचे होते. ते ऐकून मान हलविता येत होती, उचलून धरता येत नव्हते.

हे सामर्थ्य ज्यांनी पुरते ओळखले ते अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. १९४४ साली त्यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ पुष्कळ वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावला गेले. म्हणजे ते आपल्या उपनगरांचेच. त्यांनी तमाशातील सुरत्ये, झील आणि बतावणी घेऊन लोकनाट्य घडविले. तमाशाच्या आरंभीचे गणपतीचे वंदन त्यांनी मातृभूमीला, शिवरायांना आणि हुतात्म्यांना केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबारात शंभरावर माणसे गेली. त्यांचा शोक वर्तमानपत्रांनी केला तेवढाच मैदानांतल्या झीलकऱ्यांनी केला.

घाटकोपरच्याच रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतरची गाणी, मुलुंडचे शाहीर विलास घोगरे ह्यांचा मृत्यू, गायनपार्ट्या, रात्री-अपरात्री वस्तीत चाललेले गाणे, हे आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) ह्या चित्रपटात नोंदले आहे. तो पाहताना आम्हांला ‘पर्शियन्स’ आठवले नाही. ‘पर्शियन्स’ वाचताना आम्हांला घाटकोपर आठवले. जुने नाटक कळले ते ह्या वाटेने.

तेव्हा “ह्यात युनियनचे काय आले?” ह्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ग्रीक शोकात्मिकेने जगाला ऑपेरा दिला, नवे नृत्य दिले, शब्द दिले. पण ज्या ज्या वेळी तिच्याकडे कोणी परत गेले, ते प्रायः एकच गोष्ट शोधायला गेले: एकत्र गाणारी साधी माणसे. आणि ती माणसे आपोआप तयार होत नाहीत. अथेन्सने त्यांच्या तालमीसाठी श्रीमंतांवर खर्च बसविला, चाकरीतून सूट दिली. आपल्याकडे ते काम चाळीचा सोपा, गिरणीची सुट्टी आणि गणेशोत्सवाची वर्गणी ह्यांनी केले. गिरण्या गेल्या. आमच्या मार्गावरचे कारखाने जाऊन तेथे मॉल आणि मनोरे आले. सोप्याच्या जागी लिफ्ट आली. कंत्राटी कामगाराला बारा तासांची पाळी असते. तो तालमीला कधी येणार? आज वस्तीत माणूस गेला तरी आवाज भाड्याच्या भोंग्याचा असतो, आणि त्यापुढे उभ्या असलेल्यांना गायला काही उरत नाही. आमच्या संघटनेनेही ह्यात कसूर केली. वेतनाच्या करारासाठी आम्ही रात्री जागविल्या; डफाला जागा ठेवा असे एकाही मागणीपत्रात आम्ही लिहिले नाही.

मुलुंडला कालिदास नाट्यमंदिर आहे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. प्रयोगाला जागा आहेत, तालमीला नाहीत. नगरसेवकांना, गृहसंस्थांच्या चिटणीसांना आणि ज्यांच्यापाशी दोन पैसे अधिक आहेत त्यांना आमची विनंती आहे, की आठवड्यातून दोन तास एखादे सभागृह, एखादी गच्ची, शाळेचा एखादा वर्ग मोकळा करून द्यावा. अथेन्समध्ये अशा माणसाचे नाव दगडावर कोरीत. आम्ही निदान फळ्यावर लिहू.

सुरुवात म्हणून आमच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी बाके भिंतीला लावून जागा करतो. डफ आहे, तुणतुणे आहे. गेटवर गायिलेले ते निवृत्त कामगार आता राहिले नाहीत; त्यांच्याकडून चार चाली आम्ही शिकून घेतल्या होत्या, त्या बसवितो. सध्या सातजण येतात, त्यांत दोन मुली आहेत आणि एक रखवालदार रात्रपाळीवरून थेट येतो. शाहीर मिळाला आहे. झीलकरी हवे आहेत. आवाज चांगला असण्याची अट नाही.